जुगाऱ्याचा रोग मचाणावर

आजचा विषय शिकारीच्या इतिहासातला आहे, पण शिकारीच्या पुस्तकांत तो जवळजवळ सापडत नाही. प्रश्न साधा आहे. संध्याकाळी पाचला मचाणावर चढलेला माणूस सकाळी सहाला खाली उतरतो. मधल्या तेरा तासांत तो लघवीला कुठे जातो? हसा, हरकत नाही. आमच्या वयाच्या माणसाला हा प्रश्न आधी सुचतो, वाघ नंतर. (हशा)

हिशेब बघा. माणसाच्या मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर मावतं. दिवसभरात शरीर एक ते दोन लिटर लघवी तयार करतं. झोपेत हे काम मंदावतं, पण मचाणावरचा माणूस जागा असतो. त्यातून थंडी असली की आणखी पंचाईत. गारठ्यानं कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त आत वळतं आणि मूत्रपिंडं जास्त पाणी बाहेर टाकायला लागतात. म्हणजे डिसेंबरच्या रात्री झाडावर बसलेल्या माणसाला घाम नाही, हालचाल नाही, आणि घाई मात्र दुप्पट. हा प्रश्न प्रत्येकाला पडलेला असणार. मग तो कुणी लिहून का ठेवला नाही?

एका ठिकाणी लिहिलेला आहे, आणि ते ठिकाण अगदी अनपेक्षित आहे. कौटिल्याचं अर्थशास्त्र. १९०५ च्या सुमारास म्हैसूरला शामशास्त्रींच्या हाती त्याची पोथी आली आणि १९०९ मध्ये ती छापली गेली. आपल्याकडे प्रा. र. प. कंगले यांनी मुंबई विद्यापीठासाठी केलेली संशोधित आवृत्ती १९६० पासून आली, ती आजही जगभर प्रमाण मानतात. या ग्रंथाच्या आठव्या अधिकरणात राजाच्या व्यसनांची चर्चा आहे. कामातून उपजणारी व्यसनं चार: मृगया, द्यूत, स्त्रिया आणि मद्य. आता मृगया वाईट की द्यूत, यावर वाद. पिशुन नावाचे आचार्य म्हणतात, मृगया जास्त वाईट. चोर, श्वापदं, वणवा, वाट चुकणं, तहान, भूक, सगळे धोके तिथेच. कौटिल्य म्हणतो, नाही, द्यूत जास्त वाईट. आणि द्यूताचे दोष मोजताना तो एक दोष असा सांगतो की मूत्र आणि पुरीष रोखून धरल्यामुळे, उपाशी राहिल्यामुळे जुगाऱ्याला रोग जडतात. उलट मृगयेत व्यायाम होतो, कफ-पित्त-मेद जातो, घाम निघतो, हलत्या आणि स्थिर लक्ष्यावर नेम बसतो, जनावराचं मन कळतं.

गंमत लक्षात आली का? लघवी तुंबवून ठेवणं हा कौटिल्याच्या लेखी जुगाऱ्याचा रोग आहे. पटावरून उठवत नाही, पुढचं दान आपलंच असं वाटत राहतं, आणि माणूस मांडी घालून बसून राहतो. शिकाऱ्याला हा रोग होतच नाही, कारण कौटिल्याचा शिकारी बसत नाही. तो पळतो, घोडा दामटतो.

जुन्या राजेशाही शिकारीचं चित्र बहुतेक असंच धावतं आहे. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकात सेनापती शिकारीची तारीफ करतो ती याच अंगानं, की पोट कमी होतं, अंग हलकं होतं. तिथे शरीराची तक्रार करणारा एकच, विदूषक. पानं कुजलेलं कोमट पाणी, अवेळी जेवण, घोड्यावर बसून खिळखिळे झालेले सांधे, झोपेचं खोबरं. नाटकात शरीराचं खरं बोलायचं काम विदूषकावर सोपवलेलं असतं, हेही ध्यानात घेण्यासारखं आहे. पुढे मोगलांची कमरगाह शिकार घ्या. हाकारे माणसांचं कडं करून दिवसेंदिवस जनावरं आत आत रेटत आणायचे आणि मग बादशहा आत शिरायचा. तीही धावपळीचीच.

दबा धरून बसणारे लोक तेव्हाही होते. पाणवठ्याशी खड्ड्यात, झुडपाआड, झाडावर. पण ते पोटासाठी शिकार करणारे. त्यांच्यातल्या हुशार लोकांनी बसण्याच्या त्रासावर एक उपाय काढला होता: फास. आपल्याकडच्या फासेपारध्यांचं नावच त्यावरून पडलं. फास लावायचा आणि निघून जायचं. वाट बघण्याचं काम फास करतो, त्याला लघवी लागत नाही. मराठीत जुगाराच्या फाशाला आणि शिकारीच्या फाशाला शब्द जवळजवळ एकच आहे. त्यावर फार काही उभारू नये, पण आज तो आठवतो खरा.

मग बंदुकीच्या काळात, विशेषतः एकोणिसाव्या शतकापासून, मोठा माणूसही बसायला लागला. वाघानं मारलेल्या जनावरावर, म्हणजे गाऱ्यावर, किंवा बांधलेल्या रेड्यावर रात्र काढायची. बरेचदा एखादी खाटच उलटी करून झाडाच्या बेचक्यात बांधली की मचाण तयार. नियम सगळीकडे तेच. ऊन असताना चढायचं. खोकायचं नाही, शिंकायचं नाही, जांभई आवाज करून द्यायची नाही, डुलकी घ्यायची नाही. सकाळी माणसं येऊन हाक देत नाहीत तोवर उतरायचं नाही.

आता ही यादी चरकसंहितेशेजारी ठेवा. सूत्रस्थानाचा सातवा अध्याय, नवेगान्धारणीय. कोणते वेग रोखू नयेत ते तिथे सांगितलं आहे. असे वेग तेरा. मूत्र, पुरीष, शुक्र, अपान वायू, वांती, शिंक, ढेकर, जांभई, भूक, तहान, अश्रू, झोप आणि श्रमानं लागलेला श्वास. मूत्र रोखलं तर बस्तीत आणि शिश्नात वेदना, लघवीला त्रास, डोकेदुखी, शरीर पुढे वाकणं, ओटीपोट फुगणं. त्यावर गरम पाण्यात बसणं, अभ्यंग, तूप, बस्ती असे उपचार. म्हणजे चरकांनी जे रोखू नका म्हणून सांगितलं, त्यातलं निम्मं तरी मचाणाच्या नियमांत रोखायलाच सांगितलं आहे! त्याच अध्यायात पुढे रोखावेत असे वेगही दिले आहेत. लोभ, शोक, भय, क्रोध वगैरे. शिकाऱ्याला भयही रोखायचं आहे आणि मूत्रही. भय रोखल्याचं कौतुक पुस्तकात येतं. दुसऱ्याचं येत नाही.

जिम कॉर्बेट घ्या. रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्यानं १९१८ ते १९२६ या काळात सरकारी नोंदीप्रमाणे १२५ माणसं मारली. बिबट्या अलकनंदा ओलांडायला पूल वापरतो असं वाटल्यावरून कॉर्बेट पुलाच्या मनोऱ्यावर वीस रात्री बसला. शिडीनं चढायचं, मग शिडी काढून न्यायची, म्हणजे सकाळपर्यंत उतरायची सोयच नाही. नदीवरून घोंघावणारा वारा, आडोसा नाही, आणि वारा थांबला की मुंग्या कातडी खायला हजर. हे सगळं त्यानं लिहिलं आहे. मुंग्यासुद्धा लिहिल्या आहेत. वीस रात्रींत पुलावरून गेला तो एक कोल्हा. वीस रात्रींचं आणखी काही त्यानं लिहिलेलं नाही. कॉर्बेट अतिशय प्रामाणिक लेखक आहे, भीती वाटली तर भीती वाटली म्हणून सांगणारा. तरी त्याच्याही प्रामाणिकपणाची एक हद्द आहे आणि ती कमरेशी संपते. आमच्या मते यात कॉर्बेटचा दोष नाही. त्याच्या काळातल्या सभ्य गद्याला कमरेखालचं शरीर नव्हतंच.

आता शिकारी मंडळी म्हणतील, अहो, रोखायचं कारण वास. वाघाला वास येईल. हे तपासून बघण्यासारखं आहे. वाघाचं नाक फारसं तिखट नाही, तो कानावर आणि डोळ्यावर विसंबतो, असं कित्येक जुन्या शिकाऱ्यांचं मत होतं. कॉर्बेटचं एक निरीक्षण तर फार सुंदर आहे. माणसाला जनावरासारखं घ्राणेंद्रिय नाही हे वाघाला ठाऊक नसतं, म्हणून नरभक्षक झालेला वाघ माणसाकडेही वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनंच येतो, जशी सांबराकडे यायची सवय असते तसा. म्हणजे वाघ आपल्याला आपल्या लायकीपेक्षा जास्त मान देतो.

खुद्द वाघ लघवीच्या बाबतीत आपल्यापेक्षा पुष्कळ मोकळा आहे. शेपटी उभी करून झाडाच्या खोडावर फवारा मारायचा आणि हद्द लिहून ठेवायची, हा त्याचा रोजचा उद्योग. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतले शास्त्रज्ञ रतनलाल ब्रह्मचारी यांनी या फवाऱ्याचा अनेक वर्षं अभ्यास केला. ओडिशातल्या सिमलीपालजवळ वाढलेल्या खैरी या वाघिणीवरही त्यांनी काम केलं. त्या फवाऱ्यात त्यांना एक रेणू सापडला, तो बासमती तांदळाच्या सुगंधाचा. तोच आपल्या आंबेमोहराचाही. मावळातल्या घरात भात रटरटताना जो वास दरवळतो, तो जंगलात वाघाच्या सहीचा वास आहे. (हशा) जेवताना आठवू नका.

तेव्हा वास हे एक कारण असेल, पण निदान वाघाच्या बाबतीत मोठं कारण आवाज असावा. उन्हाळ्यात सागाच्या रानात जमिनीवर पानांचा पापडासारखा थर असतो. त्यावर पंधरा फुटांवरून धार पडली तर काय होईल, याची कल्पना तुम्हीच करा. अमेरिकेत हरणाच्या शिकारीसाठी झाडावर नाहीतर लाकडी खोपटात दिवस दिवस बसणारे लोक आहेत. त्यांच्यात हा विषय अगदी मोकळेपणी बोलला जातो. रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची बाटली न्यावी, चहा-कॉफी बेतानं घ्यावी. आणि माणसाच्या लघवीच्या वासानं हरीण बिचकतं की नाही, यावर त्यांचे वाद काही संपत नाहीत.

पण आमचा प्रश्न बाटलीपाशी थांबत नाही. तो असा आहे की हे रोखणं कुणाच्या वाट्याला आलं? साहेबाच्या शिकारीच्या छावणीत शौचासाठी वेगळा तंबू असायचा, त्यात लाकडी कमोड असायचा, आणि तो साफ करायला मेहतर बरोबर असायचा. तेव्हा साहेबाला जंगलात सोय नव्हती असं नाही. सोय होती, ती एका जातीच्या डोक्यावरून वाहिली जात होती. साहेब मचाणावर एखाद-दुसरी रात्र अडचण सोसायचा आणि सकाळी तंबूत परतायचा. त्याच्या शेजारी त्याच मचाणावर गावातला माग काढणारा बसलेला असायचा. साहेबानं खाली बघून हळूच काही सोय करून घेतली तर त्यावर कोण बोलणार? माग काढणाऱ्यानं तेच केलं आणि वाघ फिरकला नाही, तर मात्र बोलायला सगळे मोकळे. हा दुसरा माणूस शिकारीच्या फोटोत बहुधा कडेला असतो आणि मजकुरात पुष्कळदा बिननावाचा असतो.

आणि शिकारीच्या मचाणाच्याही आधीचं, शेतातलं मचाण. ज्वारी निसवली की माळा बांधायचा, दिवसा पाखरांना गोफण, रात्री रानडुकरांसाठी जागल. इथे बसण्याचा जुगार नाही, राखण आहे. उतरायला बंदी नाही, उलट उतरून आरोळी ठोकली तर डुक्कर पळतं, हवं तेच होतं. त्यामुळे त्या माळ्यावर हा प्रश्न अडला नाही. निदान पुरुषांचा. दिवसा गोफण घेऊन उभ्या राहणाऱ्या बायकांना ज्वारीचा आडोसा होता, आणि तो फक्त पीक उभं असेपर्यंत.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार संपली. मचाण संपलं नाही. बुद्धपौर्णिमेच्या चांदण्यात पाणवठ्यावर बसून जनावरं मोजायची आपल्याकडची जुनी पद्धत. वाघांची मोजदाद आता कॅमेऱ्यांवर गेली, तरी मेळघाटात, ताडोबाच्या आसपास लोक हौसेनं त्या रात्री मचाणावर बसतात. बंदुकीच्या जागी नोंदवही आली. नियम मात्र जुन्या शिकाऱ्याचेच: अत्तर लावू नका, भडक कपडे नकोत, बोलू नका, खाली उतरू नका. आता या रात्री बायकाही बसतात, आणि वनरक्षक म्हणून नोकरीत आलेल्या मुली तर वर्षभर रानात असतात. त्यांच्यातल्या काहींशी आम्ही बोललो. त्यांनी अगदी सरळ सांगितलं. मचाणावर आडोसा नसतो, शेजारी पुरुष सहकारी असतो, खाली उतरायचं नसतं. पुरुष पाठ फिरवून वेळ भागवतो, ते यांना जमत नाही. म्हणून चढायच्या आधी, दुपारपासूनच, पाणी पिणं बंद.

हे मे महिन्यात, विदर्भात, पारा ४४ वर असताना. एक पडदा, झाकणाचं एक भांडं आणि मूठभर राख, एवढ्यानं भागण्यासारखी ही गोष्ट आहे. तीसुद्धा मचाण बांधणाऱ्याला सुचत नाही, कारण दोनशे वर्षांच्या पुस्तकांत मचाणावर बसलेल्या माणसाला लघवी लागलेलीच नाही. चरकांच्या त्या तेरा वेगांत तहानही आहे. या मुली एक वेग टाळण्यासाठी दुसरा रोखून धरतात, आणि रात्रभर नोंदवहीत आलेली जनावरं वेळेसकट लिहितात. पाणवठ्यावर येऊन पाणी पिऊन गेलेली.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.