चेहरे नसलेले तीन सर्फर

आजचा एपिसोड माझ्या एका फसलेल्या फोटोपासून सुरू होतो.

जानेवारीत आम्ही तिघे मित्र कर्नाटकातल्या मुल्कीला सर्फिंग शिकायला गेलो होतो. त्यातला एकजण पुढच्याच आठवड्यात कॅनडाला निघाला होता. शेवटच्या संध्याकाळी ते दोघं बोर्ड काखेत मारून पाण्यातून बाहेर येत होते, मागे सूर्य बुडत होता. मी फोन काढला, क्लिक! बघतो तर काय, चेहरे लख्ख, शॉर्ट्सवरची फुलंही मोजता येतील. फक्त संध्याकाळच गायब. आकाश असं फिकट, जणू दुपारचे चार वाजलेत.

कारण मला माहीत होतं. फोन एका क्लिकमध्ये अनेक फ्रेम्स घेतो, त्या जोडतो आणि अंधारातला भाग उजळतो. फिल्मच्या कॅमेऱ्याचं तसं नव्हतं. आकाशाचा रंग हवा तर माणूस काळा पडणार, माणूस हवा तर आकाश पांढरं. एकच काहीतरी निवडा.

गंमत म्हणजे, सर्फिंगचं बहुधा सगळ्यात ओळखीचं चित्र अशाच काळ्या आकृत्यांचं आहे: 'द एंडलेस समर'चं पोस्टर.

ब्रूस ब्राउनने रॉबर्ट ऑगस्ट आणि माइक हिन्सन या दोन सर्फर्सना घेऊन, उन्हाळ्याचा पाठलाग करत जगभर फिरून ही डॉक्युमेंटरी बनवली. पोस्टरसाठीचा फोटो बॉब बॅगलीने कॅलिफोर्नियातल्या सॉल्ट क्रीक बीचवर काढला. आपल्या कोकणासारखाच तिथलाही समुद्र पश्चिमेला. पुढे डोक्यावर बोर्ड घेतलेला स्वतः ब्राउन, मागे ते दोघं. मग जॉन व्हॅन हॅमर्सव्हेल्ड या तरुण डिझायनरने फोटोतल्या मधल्या छटाच काढून टाकल्या. माणसं सपाट काळी, सूर्य पिवळा, आकाश नारिंगी, खाली भडक गुलाबी. म्हणजे कॅमेऱ्याची जी अडचण, तीच त्याने मुद्दाम निवडली!

डिस्ट्रिब्युटर्सना वाटत होतं, समुद्रापासून लांब राहणारे लोक हा सिनेमा कशाला बघतील? ब्राउनने तो ऐन हिवाळ्यात कॅन्ससमधल्या विचिटा शहरात लावला. तिथून समुद्र शेकडो मैल लांब. तरी गर्दी झाली. १९६६मध्ये तो अमेरिकाभर लागला आणि ते पोस्टर घराघरांतल्या भिंतींवर गेलं. मला वाटतं, चेहरे नाहीत म्हणूनच. तिथे कुणीही स्वतःला उभं करू शकतं.

त्या संध्याकाळी मी आणखी एक फोटो काढला. स्क्रीनवर सूर्यावर बोट ठेवलं आणि ब्राइटनेस खाली ओढला. आकाश पेटलं, दोघं काळे झाले. मित्राच्या आईला तो पाठवला आणि खाली लिहिलं, "काकू, डावीकडचा तुमचा."

त्यांचं लगेच उत्तर आलं, "अरे, सांगतोस काय? चालण्यावरून ओळखला मी."