ओव्हरऑइलिंग

निवृत्त माणसाच्या हाती पाना देऊ नये. वर्तमानपत्र द्यावं, मटार सोलायला द्यावेत, अगदीच कंटाळला तर नातू द्यावा. पण पाना नको. माझ्या हाती तो आला आणि आमच्या बाल्कनीत दोन महिने कपडे वाळत घालता आले नाहीत.

झालं असं की, जिन्याखाली वर्षानुवर्षं उभी असलेली अण्णांची सायकल सोसायटीनं भंगार म्हणून जाहीर केली. अण्णा म्हणजे माझे वडील. ते गेल्यालाही आता वीस वर्षं झाली. 'आठ दिवसांत हलवावी,' अशी चिठ्ठी हँडलला लटकलेली पाहून मी पेटलो. नॉटिंगहॅमच्या रॅले सायकलीला भंगार म्हणता? तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं की, ही सायकल मी स्वतः नवी करणार.

"कोण, तुम्ही?" सौभाग्यवतींनी विचारलं. त्या दोन शब्दांत मिक्सर, इस्त्री आणि न्हाणीघरातला नळ यांच्यावर मी आजवर केलेल्या उपचारांचा समग्र इतिहास होता.

इतिहासावरून आठवलं. कुठल्याही कामाला हात घालण्यापूर्वी त्याचा इतिहास वाचायचा, अशी माझी रीत आहे. त्यानं ज्ञान वाढतं आणि काम आठवडाभर पुढे जातं. या दोन चाकांच्या मागे मी लागलो तो थेट 1817 सालात पोचलो. त्या साली जर्मनीत मानहाइमला कार्ल ड्राइस नावाच्या सरदारानं लाकडाचं एक दुचाकी वाहन काढलं. त्याला पेडल नव्हतं. मध्ये बसायचं आणि जमिनीला लाथा मारत पळायचं. पॅरिसकरांनी 1860 च्या दशकात पुढच्या चाकाला पेडलं लावली. मग वेग हवा म्हणून ते चाक वाढवत नेलं, ते माणसाच्या छातीला लागेपर्यंत. एवढ्या उंचीवरून स्वार पडे तो थेट डोक्यावर. अखेर 1885 साली कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीनं जवळजवळ सारख्या चाकांची, साखळीनं मागचं चाक फिरवणारी 'रोव्हर' काढली. या जातीच्या सायकलींना 'सेफ्टी' म्हणत. आधीच्या सायकलींबद्दल लोकांचं काय मत होतं, ते या एका शब्दात आलं.

1888 साल मोठं भाग्याचं. बेलफास्टमध्ये डनलप नावाच्या गुरांच्या डॉक्टरनं मुलाच्या तीनचाकीला हवा भरलेली रबरी नळी बसवली आणि जगात पंक्चरची सोय झाली. त्याच साली आपल्या बेळगावात किर्लोस्कर बंधूंचं सायकलींचं दुकान निघालं. लक्ष्मणराव किर्लोस्कर सायकली विकत, वर चालवायलाही शिकवत. तिथून ते नांगराकडे वळले आणि 1910 साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. मराठी माणसाच्या कारखानदारीनं पहिलं पाऊल पेडलवर टाकलं, असं म्हटलं तर चालेल. नॉटिंगहॅममध्येही त्याच सुमारास फ्रँक बाऊडेन या गृहस्थानं रॅले स्ट्रीटवरचा एक लहानसा सायकल कारखाना हाती घेतला. रस्त्याचं नाव सायकलीला मिळालं आणि ती सायकल आमच्या नारायण पेठेपर्यंत आली.

म्हणजे अण्णांपर्यंत. 1954 साली त्यांनी ती हप्त्यानं घेतली. काळी कुळकुळीत, अठ्ठावीस इंची चाकं, सळयांचे ब्रेक आणि दात्याच्या चक्रात कोरलेली बगळ्यांची तीन डोकी. तिचं नाव निघालं की अण्णा एकच गोष्ट सांगत. 12 जुलै 1961. त्या दिवशी पानशेत धरण फुटलं, मागोमाग खडकवासला गेलं आणि मुठेचं पाणी पेठांत शिरलं. आई बाळंतपणाला वाईला गेलेली (ते बाळ म्हणजे मी). घरात अण्णा आणि संधिवातानं जखडलेली आजी, दोघंच. "आईला कॅरिअरवर बसवलं," अण्णा सांगत, "आणि जे पेडल मारलं ते पर्वतीच्या पायथ्याशी थांबलो. रॅले होती म्हणून वाचलो. दुसरी सायकल असती तर चेन पडली असती."

आजी कोपऱ्यातून म्हणायची, "कसली सायकल? पाठुंगळी नेलं पोरानं मला." यावर अण्णा आमच्याकडे बघून डोळे मिचकावत. म्हाताऱ्या माणसाचं काय, म्हणत. आम्हीही हसायचो. पुरात वाडा पडला, बिऱ्हाड गोखलेनगरला गेलं, पुढे आजीही गेली आणि घरात अण्णांचीच गोष्ट उरली.

असो. प्रत्यक्ष कामाला लागलो. पहिल्या दिवशी डावं पेडल काढायला बसलो. जितका जोर लावावा तितकं ते घट्ट. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या मिस्त्रींना गाठलं. ते म्हणाले, "काका, डाव्या पेडलला उलटे आटे असतात. तुम्ही दिवसभर आवळताय ते." कॉटरपिन निघेना म्हणून हातोडी मारली, ती पिन सोडून सर्वत्र लागली. छर्रे मात्र पटापट सुटले. मधल्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना अकरा-अकरा, असे बावीस. त्यांतले एकोणीस हाती आले. दोन तांदळाच्या डब्यात सापडले. एक अजून बेपत्ता आहे, म्हणून आम्ही वरणभात जपून खातो.

त्यात रॅलेचा मिजास वेगळा. इतर विलायती सायकलींच्या मधल्या कटोरीला इंचाला चोवीस आटे, तर रॅलेला सव्वीस. बाजारातली कटोरी दोन फेरे गोडीनं बसते आणि मग अडते. "ओरिजनल मिळणार नाही," मिस्त्री म्हणाले, "आहे तीच घासून वापरा. नीट ओव्हरऑइलिंग करा." मूळ शब्द ओव्हरहॉलिंग आहे हे मला ठाऊक होतं, पण ज्याला तेल कुठे घालायचं कळतं, त्याचं इंग्रजी आपण सुधारू नये.

मग रंग खरवडायला घेतला. पॉलिश पेपरनं घासताना इतिहास खालून वर न येता वरून खाली येत गेला. सर्वांत वर हिरवा थर. तो माझा. 1979 साली कॉलेजला जाताना काळी सायकल म्हातारी दिसते, म्हणून खिडक्यांचा उरलेला ऑइलपेंट मी तिला फासला होता. अण्णा काही बोलले नव्हते, फक्त आठवडाभर चालत ऑफिसला गेले. हिरव्याखाली ब्रशनं मारलेला ओबडधोबड काळा. त्याच्याखाली भट्टीत भाजलेला नॉटिंगहॅमचा मूळ काळा आणि त्यावर केसाएवढी सोनेरी रेघ. मी शहाण्यासारखा थांबेपर्यंत वीतभर रेघ घासली गेली होती.

मधला काळा कुणी आणि कधी दिला, हे काही कळेना. अण्णांनी तर "हिला कधी रंग लागला नाही" असं शपथेवर सांगितलेलं.

उत्तर दुसऱ्या दिवशी मिळालं. सीट पिन उपसून मी सांगाडा उलटा केला आणि हातोडीच्या दांड्यानं ठोकला. उभ्या नळीतून भसकन माती पडली. गंज असेल म्हणून बोटांनी चोळली. गंज लाल असतो. ही करडी होती, पिठासारखी मऊ. नदीचा गाळ. त्यात तांदळाच्या कणीएवढा एक शंख होता. रस्त्याची धूळ सायकलीत शिरते, मान्य. पण शंख काही रस्त्यावरून उडून बसत नाही. आणि गोखलेनगरला आल्यापासून ही सायकल नदीच्या वाटेला गेली नव्हती.

मी खाली बसलो. सायकल त्या दिवशी वाड्यातच होती. पाण्याखाली. अण्णांनी ती मागाहून ढिगाऱ्यातून उपसली असणार, आई वाईहून परत यायच्या आत ओव्हरऑइलिंग करून घेतली असणार आणि फुगलेल्या रंगावर काळा हात मारला असणार. हप्त्यानं घेतलेली, रोज पुसलेली रॅले तशीच सोडून तो किडकिडीत कारकून आईला पाठीवर घेऊन, गुडघाभर पाण्यातून पर्वतीपर्यंत गेला होता. आजी खरं बोलत होती, आणि आम्ही हसत होतो.

असं का सांगितलं असेल त्यांनी? मला वाटतं, खरं सांगितलं असतं तर लोकांनी त्यांना श्रावणबाळ म्हटलं असतं, सत्कार केला असता, नारळ दिला असता. अण्णांना नारळ घेताना फार लाज वाटे. त्यांनी श्रेय सायकलीला दिलं. तिला नारळ घेताना संकोच वाटायचं कारण नव्हतं.

पुढचं काम मी गुपचूप केलं. नळ्या रॉकेलनं धुतल्या, रेड ऑक्साइडचा हात दिला, वर काळा. पहिल्या थरात ओघळ आले, दुसऱ्यात डास चिकटले, तिसरा बरा आला. सोनेरी रेघ ओढताना हात थरथरला आणि सह्याद्रीची रांग उमटली. मूळ रेघेचा उरलेला तुकडा मात्र तसाच सोडला. मिस्त्रींनी चाकांचा आऊट काढून दिला, पैसे घेतले नाहीत. "पहिलीच आहे ना तुमची," म्हणाले. 'दुसरी करू नका' हे त्यांनी मनात ठेवलं.

गाळ मी वर्तमानपत्रावर गोळा केला होता. सौभाग्यवती केरसुणी घेऊन आल्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी केरसुणी भिंतीला टेकवली, कुंकवाची जुनी डबी आणली आणि चिमूटभर गाळ, शंखासकट, देवघरात गंगेच्या गडूशेजारी ठेवला.

परवा नातवाला कॅरिअरवर बसवून आवारात दोन फेऱ्या मारल्या. चेन पडली नाही. त्यानं विचारलं, "आजोबा, पणजोबांनी खरंच त्यांच्या आईला यावरून पर्वतीला नेलं होतं?"

"तर!" मी म्हणालो. "रॅले होती म्हणून वाचले."