मेंढपाळाचे आमंत्रण आणि तरुणीचे उत्तर

एलिझाबेथकालीन इंग्लंडमध्ये एका कवीच्या कवितेला दुसऱ्याने कवितेतूनच उत्तर देण्याची प्रथा होती. तिचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे ख्रिस्तोफर मार्लोची ‘द पॅशनेट शेफर्ड टू हिज लव्ह’ आणि तिला उत्तर म्हणून लिहिलेली, सर वॉल्टर रॅलेच्या नावावर असलेली ‘द निम्फ्स रिप्लाय टू द शेफर्ड’. पहिलीत मेंढपाळ प्रेयसीला आपल्याजवळ राहायला बोलावतो, दुसरीत ती तरुणी त्याला उत्तर देते.

अशा आमंत्रणाची परंपरा फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातील ग्रीक कवी थिओक्रिटसच्या काव्यात एकडोळ्या राक्षस पॉलिफेमस समुद्रातल्या गॅलेटियाला आपल्या गुहेत येण्याची विनवणी करतो आणि दूध, चीज, हरणाची पाडसे देऊ करतो. रोमन कवी व्हर्जिलनेही हा प्रकार हाताळला. केंब्रिजमध्ये शिकलेल्या मार्लोला हे काव्य परिचित होते. मात्र या जुन्या काव्यांत विनवणी एकतर्फीच राहते. इंग्लंडमधील या उत्तरात समोरच्या व्यक्तीला स्वतःचा आवाज मिळतो.

त्या काळी कविता हस्तलिखितांतून फिरत. वाचक त्या आपापल्या वह्यांत उतरवून घेत आणि कवितेला उत्तर लिहिणेही या देवाणघेवाणीतच बसे. दरबारी मंडळींना आपले काव्य छापणे कमीपणाचे वाटे. मार्लोचा 1593 मध्ये, वयाच्या 29व्या वर्षी खून झाला, तेव्हा त्याची ही कविता छापलेली नव्हती. 1599 च्या ‘द पॅशनेट पिलग्रिम’ या संग्रहात तिची चार कडवी आली, तीही शेक्सपियरच्या नावावर निघालेल्या पुस्तकात. 1600 च्या ‘इंग्लंड्स हेलिकॉन’मध्ये सहा कडव्यांची पूर्ण कविता मार्लोच्या नावाने छापली गेली. तिच्यासोबत आलेल्या उत्तराखाली ‘इग्नोटो’ (अज्ञात) एवढीच सही होती. ते उत्तर रॅलेचे असल्याचे आयझॅक वॉल्टनने 1653 मध्ये ‘द कम्प्लीट अँगलर’ या पुस्तकात लिहिले.

मार्लोचा मेंढपाळ प्रेमाची भाषा भेटवस्तूंतून बोलतो. गुलाबांची शेज, फुलांची टोपी, कोकरांच्या मऊ लोकरीचा झगा, सोन्याच्या बकलांची पादत्राणे, पोवळी आणि अंबर जडवलेला पट्टा अशी ही यादी वाढतच जाते. सोने आणि पोवळी मेंढपाळाच्या आवाक्यातली नव्हेत. खेड्याच्या वेषात इथे दरबारी वैभवच वावरते. कवितेत ऋतू वसंताचा आहे. थंडीचा उल्लेख येतो तो फक्त उबदार अस्तराची पादत्राणे देऊ करताना. लग्न, मुले, म्हातारपण यांतले काहीच येत नाही.

उत्तर देणारी तरुणी तोच छंद, तेवढीच कडवी आणि त्याच वस्तू घेते, पण त्यांत काळ आणते. कळप गोठ्याकडे परततात, नद्या खवळतात, खडक गारठतात, पक्षी मुके होतात. फुले कोमेजतात, झगे विरतात. मेंढपाळाच्या गोड जिभेवरही तिचा भरवसा नाही. तरीही प्रेम तिला नकोसे नाही. तारुण्य आणि आनंद टिकणारे असते, तर आपण गेलो असतो, असे ती शेवटी सांगते.

तिच्या सावधपणाला त्या काळात भक्कम कारणे होती. वधूवरांनी वर्तमानकाळात उच्चारलेल्या संमतीने लग्न वैध ठरू शके, पण साक्षीदार नसतील तर ते सिद्ध करणे कठीण होई. ही स्थिती 1753 च्या विवाह कायद्यापर्यंत राहिली. लग्नानंतर पत्नीच्या जंगम मालमत्तेवर पतीचा हक्क येई. सामान्य घरांतील मुलींची लग्ने बहुधा पंचविशीच्या आसपास, संसार थाटण्याइतकी पुंजी जमल्यावर होत. दरबारात तर राणीच्या परवानगीशिवाय तिच्या सेविकांना लग्न करता येत नसे. खुद्द रॅलेने 1591 मध्ये एलिझाबेथ थ्रॉकमॉर्टन या सेविकेशी गुपचूप लग्न केले आणि 1592 मध्ये दोघांनाही लंडनच्या टॉवरमध्ये कैद भोगावी लागली.

वॉल्टनच्या पुस्तकात मार्लोचे गीत दूध काढणारी तरुण मुलगी गाते आणि उत्तर तिची आई गाते. दोन कवितांमधील नात्याचे यापेक्षा नेमके भाष्य सापडणे अवघड आहे. जॉन डनने ‘द बेट’मध्ये हेच आमंत्रण मासेमारीच्या रूपात मांडले. विसाव्या शतकात सेसिल डे लुईसने ते बेकारी आणि तुटपुंज्या मजुरीच्या इंग्लंडमध्ये आणले, तर अमेरिकन कवी विल्यम कार्लोस विल्यम्सने रॅलेची बाजू उचलून धरली.

मार्लोची कविता प्रेमातील ओढ दाखवते, तर रॅलेची त्या ओढीला टिकाऊपणाची कसोटी लावते. एलिझाबेथकालीन प्रेमाचे खरे चित्र हवे असेल, तर यांतली एकच वाचून भागणार नाही; दोन्ही शेजारी ठेवूनच वाचायला हव्यात.