१२ मार्च १९११

त्या दिवशीं मुंबईस किर्लोस्कर मंडळीच्या ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग लागला होता. ‘कीचकवधा’वर १९१० सालीं सरकारी बंदी आलेल्या खाडिलकरांचें हें पहिलेंच संगीत नाटक. चाली गोविंदराव टेंबे यांच्या. पूरबी ठुमरी-दादऱ्याचा रंग त्यांनीं मराठी पदांवर चढविला. त्याच दिवशीं बालगंधर्वांची लहानगी कन्या निवर्तली. प्रयोग रद्द होता तरी कोणीं दोष दिला नसता. परंतु बालगंधर्व भामिनीच्या वेषांत रंगभूमीवर आले. ही भूमिका शोकाची नव्हे. हंसण्या-रुसण्याची, लाडिक मानाची! यास निष्ठा म्हणावें कीं निष्ठुरता, याचा निवाडा परक्यानें करूं नये. पदें मात्र घरोघर पोंचलीं. पुढें ८ जुलै १९२१ रोजीं टिळक स्वराज्य फंडासाठीं याच नाटकाचा ‘संयुक्त’ प्रयोग झाला. धैर्यधर केशवराव भोसले, आणि भामिनी तीच.