जगज्जेता, पण कोणाचा?

साक्री-पिंपळनेरकडच्या जत्रेत कुस्त्यांची दंगल पाहणाऱ्याला नियमांचे पुस्तक कधी लागले नाही. लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर, मोठ्यांच्या इनामावर. पाठ मातीला लागली की निकाल लागला.

पण गावाबाहेर पडले की नियम बदलतात. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. अंगात ताकद होती, हातात डाव होते. पण पायाखाली मातीऐवजी मॅट होती आणि गुण मोजण्याची रीतही निराळी. ती रीत आत्मसात करून त्यांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवले.

पुढल्याच वर्षी राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली. १९६१ पासून महाराष्ट्र केसरी स्पर्धा सुरू झाली. आपल्या जळगाव जिल्ह्याच्या विजय चौधरींनी २०१४ पासून लागोपाठ तीनदा तो किताब मिळवला. त्या वेळी 'केसरी कोण?' असे कुणाला विचारावे लागले नाही. मात्र संघटनेत फूट पडली आणि २०२३ च्या नोव्हेंबरात दोन केसरी झाले. फुलगावला सिकंदर शेख, धाराशिवला शिवराज राक्षे! दोघेही तोलामोलाचे मल्ल. घोळ संघटनांचा होता.

किकबॉक्सिंग या खेळात हा घोळ जन्मापासूनचा आहे. १९६० च्या दशकात जपानमध्ये हे नाव रूढ झाले. १९७० च्या दशकात अमेरिकेत 'फुल कॉन्टॅक्ट' प्रकार आला. त्यात लाथ कमरेच्या वरच मारायची. 'लो किक'मध्ये मांडीवर मारलेली लाथही चालते, आणि 'के-वन'मध्ये गुडघाही. एका प्रकारात ज्याला गुण मिळतो, त्यालाच दुसऱ्यात पंच ताकीद देतो.

१९७६ साली 'वाको' ही संघटना निघाली आणि १९७८ साली बर्लिनमध्ये तिची पहिली जागतिक स्पर्धा झाली. पण इतर संघटनाही होत्याच. प्रत्येकीचे नियम वेगळे, प्रत्येकीचा जगज्जेता वेगळा. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने वाकोला २०१८ मध्ये तात्पुरती आणि २०२१ मध्ये पूर्ण मान्यता दिली. तरीही मान्यता मिळणे म्हणजे ऑलिंपिकमध्ये खेळ असणे नव्हे.

हे सारे साक्रीत बसून सांगण्याचे कारण आहे. आता तालुक्याच्या गावांतही कराटे-किकबॉक्सिंगचे वर्ग निघतात. 'आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड' असे पत्र घरी येते आणि कापसाचे पैसे हाती पडताच बाप पोराच्या प्रवेश फीची तजवीज करतो. त्याने पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. स्पर्धा कोणत्या संघटनेची? तिला मान्यता कोणाची? लढत कोणत्या प्रकारची? पोराचा घाम खरा असतो. त्याला मिळणारे पदकही तितकेच खरे असावे, ही काळजी मोठ्यांनीच घ्यायची आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)