सह्याद्री : ताणातून घडलेली पठाराची कड

कागलहून निपाणीमार्गे बेळगावकडे येणारा महामार्ग वेदगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा आणि मार्कंडेय या नद्या एकामागून एक ओलांडतो. अरबी समुद्र येथून शंभरेक किलोमीटरवर. तरीही या चारही नद्या त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला वाहतात आणि त्यांचे पाणी कृष्णेमार्फत बंगालच्या उपसागराला मिळते. बेळगावचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे. चोर्ला घाटातून सत्तरीत उतरताना यातील बहुतेक उंची काही किलोमीटरांतच संपते. सह्याद्री गोव्यातून पर्वत दिसतो, बेळगावातून मात्र तो पठाराची तुटलेली कड भासतो. भूशास्त्रदृष्ट्या दुसरे दर्शनच अधिक खरे आहे.

हिमालय भूखंडांच्या टकरीतून, थर दुमडून उभा राहिला. सह्याद्रीची कथा याच्या उलट, ताणाची आहे. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर भारतापासून अलग झाले. पुढे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या लाव्ह्याचे महापूर आले आणि त्यानंतर लवकरच सेशेल्सचा भूभागही दूर सरला. कवच ताणले की ते पातळ होते, त्यात प्रस्तरभंग पडतात आणि भंगरेषेच्या एका बाजूचे खडक खाली घसरतात. पश्चिम किनाऱ्यालगत समुद्रतळाखाली असे खचलेले गट आणि त्यांच्यामधील उंचवटे आजही गाळाखाली दडलेले आहेत. कोकणातील किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या अनेक भित्तिप्रस्तरांतूनही त्या ताणाची दिशा वाचता येते.

मग घाटाचा कडा हाच प्रस्तरभंग का? पुष्कळदा तसे लिहिले जाते, पण ते फारच सोपे उत्तर आहे. मुख्य भंगरेषा पश्चिमेला, समुद्राकडे असाव्यात. तेथे निर्माण झालेला उतार पावसाने आणि नद्यांनी कोरत कोरत पूर्वेला मागे सरकवला, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. झिजलेला गाळ समुद्रतळावर साचून तो भाग दबला आणि भार हलका झालेली किनारपट्टी व पठाराची कड वर उचलली गेली. ही माघार केव्हाची, याची एक खूण गोव्याच्या खाणपट्ट्यात सापडली आहे. तेथील मँगनीज खनिजांची आर्गॉन समस्थानिकांवरून काढलेली वये साडेचार कोटी वर्षांच्या आसपास मागे जातात. म्हणजे घाटाखालचा सखल प्रदेश तेव्हाच तयार होता आणि कडाही आजच्या जागेच्या जवळपास पोहोचला होता.

ताणाचे व्रण पूर्णपणे निवले आहेत, असे मात्र नाही. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयना परिसरात झालेल्या भूकंपात दीडशेहून अधिक माणसे दगावली. धरणातील पाण्याच्या भाराने व झिरपण्याने जुन्या भंगरेषा जाग्या झाल्या, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. पुढे दक्षिणेला वारणा खोऱ्यातही धक्क्यांची मालिका सुरू झाली. तेथे बहुतांशी ताणाने एक बाजू खाली घसरण्याचाच प्रकार आढळतो.

गोव्याच्या दृष्टीने या भूरचनेतील सर्वांत नाजूक जागा खानापूर तालुक्यात आहे. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला जाते. त्याच परिसरातील कळसा नाला पश्चिमेला म्हादईकडे उतरतो. दोन समुद्रांच्या पाण्याची वाटणी करणारा जलविभाजक येथे एखाद्या डोंगररांगेचा नसून जवळजवळ सपाट माळाचा आहे. पश्चिमेकडील प्रवाहांचा उतार तीव्र आणि पाऊस प्रचंड. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, बेळगावला त्याच्या पाचव्या हिश्शाहून कमी. त्यामुळे पश्चिमवाहिन्या आपले उगम मागे कोरत पूर्वेकडील नद्यांचे पाणी हळूहळू आपल्याकडे वळवतात. भूगोलात याला नदीचौर्य म्हणतात.

कर्नाटकाचा कळसा-भांडुरा प्रकल्प नेमक्या उलट दिशेचा आहे. माळ सखल असल्यामुळेच तेथे पाणी पूर्वेला वळवणे शक्य ठरते. म्हादई जलविवाद लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी दिलेल्या निवाड्यात कळसासाठी १.७२ आणि भांडुरासाठी २.१८ टीएमसी पाणी मलप्रभेत वळवण्यास मुभा दिली. त्याविरुद्ध गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र ही तिन्ही राज्ये सर्वोच्च न्यायालयात गेली.