बालकवींचा दुसरा अर्धा

धरणगावात एखाद्या शाळकरी पोराला ‘बालकवी कशाचे कवी?’ असं विचारा. उत्तर ठरलेलं असतं: निसर्गाचे आणि आनंदाचे. पोरगं चुकत नाही, ते अर्धं उत्तर देतं. उरलेलं अर्धं त्याला कुणी शिकवलेलंच नसतं.

त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९० चा, आमच्या याच गावातला. वडील पोलीस खात्यात. १९०७ साली जळगावात पहिलं कविसंमेलन भरलं, तेव्हा अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाची कविता ऐकून त्याला ‘बालकवी’ म्हटलं. पुढे रेव्हरंड ना. वा. तिलकांनी त्याला अहमदनगरला आपल्या घरी ठेवून घेतलं. ब्राह्मण घरातला मुलगा ख्रिस्ती कवीच्या घरी मुलासारखा राहिला, ही गोष्ट आजच्या दिवसांत मुद्दाम सांगावीशी वाटते. ५ मे १९१८ रोजी, जळगावहून भुसावळकडे जाताना लागणाऱ्या भादली स्टेशनात, रेल्वेखाली सापडून त्यांचा मृत्यू झाला. वयाची अठ्ठावीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

माझ्या मते घोळ त्या पदवीतच आहे. पदवी कौतुकाची होती यात शंका नाही. पण माणूस मोठा झाला, त्याचं लग्न झालं, त्याने दुःख पाहिलं, आणि नाव मात्र ‘बाल’च राहिलं. मग ‘फुलराणी’, ‘श्रावणमास’, ‘आनंदी आनंद गडे’ या कविता त्या नावात नीट बसल्या. ‘पारवा’, ‘उदासीनता’, ‘खेड्यातील रात्र’ बसल्या नाहीत. ‘पारवा’मध्ये एक पडकी धर्मशाळा आहे आणि तिच्या कौलांवर एकटा घुमणारा पारवा. फुलराणीचं लग्न लावणारा हात हाच, हे मुलांना सांगितलं की ती आधी विश्वास ठेवत नाहीत.

‘औदुंबर’ तर अवघ्या आठ ओळींची. वर हिरवळ, झरा, टेकडीकडचं चिमुकलं गाव, दाट शेतमळे. त्यातून एक पांढरी पायवाट निघते आणि थेट काळ्या डोहाशी पोहोचते. तिथे पाण्यात पाय सोडून औदुंबर बसलेला. त्या डोहावरच्या काळेपणाला कवीने जे विशेषण लावलंय ते आपण गुळाला लावतो. जाणकारांनी या आठ ओळींवर पानंच्या पानं लिहिली. मी वर्गात एवढंच विचारतो: वरचा हिरवा रंग काढून टाकला, तर खालचा काळा एवढा खोल दिसेल का?

उर्दूच्या तासाला याच गोष्टीला नाव आहे, सनअत-ए-तजाद. एका शेरात दिवस आणि रात्र, हसणं आणि रडणं शेजारी आणून बसवायचं. मराठी व्याकरणातला विरोधाभास हा त्याचा सख्खा नव्हे, चुलत भाऊ. विरोधाभासात वरवर विरोध दिसतो, अर्थ कळला की तो विरघळतो. तजादमध्ये विरोध तसाच राहतो, दोन्ही शब्द आपापल्या जागी खरे असतात. बी. एड.च्या परीक्षेत हा फरक कुणी विचारला नाही, पण शिकवताना तोच जास्त कामी येतो.

गंमत म्हणजे उर्दूवाल्यांनी नेमकी उलटी कसर केली. मीर तकी मीर (१७२३–१८१०) म्हटलं की दुःख, आह, अश्रू. पण याच मीरने आपल्या मांजरीवर मसनवी लिहिली आणि स्वतःच्या मोडक्या घराची भरपूर टर उडवली. आम्ही मीरचं हसू हरवलं, मराठीने बालकवींचं रडू.

हे फक्त कवितेपुरतं असतं तर एवढं लिहिलं नसतं. खान्देशात हिरवाईचं कौतुक का आहे हे मे महिन्यात धरणगावच्या रस्त्यावर दुपारी उभं राहिल्याशिवाय कळत नाही. ‘श्रावणमास’ कवितासुद्धा घटकेत पाऊस आणि घटकेत ऊन यावरच तर चालते. आणि आमच्याकडे मैयतीच्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यांचे डबे येतात. आत बायका तसबीह घेऊन बसलेल्या, बाहेर ओसरीवर त्याच घरातली पोरं कैरीच्या फोडीवरून भांडतात, हसतात. कुणीतरी त्यांच्यावर डोळे वटारतं. मग एखादी म्हातारी म्हणते, ‘खेलने दो बच्चों को.’ तिने तजाद हा शब्द ऐकलेला नसतो.

वहीवर मात्र हे उतरत नाही. ‘माझी ईद’ निबंधाच्या पन्नास वह्या तपासा, पन्नास घरांत एकाच चवीचा शीरखुर्मा. नवे कपडे, ईदी, गळाभेट, संपलं. मुलांना वाटतं निबंधात आनंदच चालतो. बाहेरच्यांना आमच्याबद्दल दोनच चित्रं माहीत, एक बिर्याणीचं आणि एक पेपरातल्या बातमीचं. निदान आमच्या मुलांनी तरी स्वतःचं अर्धंच चित्र काढू नये, असं मला फार वाटतं.

मागे एका मुलीने वेगळं लिहिलं. वडील सुरतेला लूमवर, ईदला सुट्टी मिळाली नाही. सकाळी शेवया भाजताना अम्मी रडत होती. नऊ वाजता अब्बांचा फोन आला, त्यांनी काहीतरी सांगितलं आणि अम्मी इतकी हसली की शेवया करपल्या. वही देताना मुलीने विचारलं, ‘सर, रडण्याचं लिहिलं तर मार्क कापतात का?’

मी नाही म्हटलं आणि वही वाचायला घेतली. दीड पानांचा निबंध. शेवटी अब्बांच्या नावाने झाकून ठेवलेली शीरखुर्म्याची वाटी होती, ती संध्याकाळी धाकट्या भावाने चोरून खाल्ली आणि कुणीच त्याला मारलं नाही.